उपासाची साखर

माझी विद्यार्थिनी साक्षीनं डबा उघडून माझ्यापुढं धरला तेव्हा मी विद्यापीठातल्या आमच्या विभागाच्या पायरीवर गाडीची वाट बघत उभी होते. नांदेडात सकाळीच ऊन अंगावर यायला लागतं, आणि पोर्चमध्ये कुणीतरी आपली मोटारसायकल आडवी लावून ठेवलेली, म्हणजे सावलीत उभं राहायचीही सोय नाही. "घ्या ना मॅडम. दुपारचं होईस्तोवर मला घास जाणार न्हाई." साबुदाण्याची खिचडी होती, वरून कूट, मधे बटाट्याच्या फोडी. मी एक घास घेतला. चांगली मोकळी झाली होती. "आज काय विशेष?" "चतुर्थी हाय. उपास हाय माझा." दुसरा घास घेता घेता, उगी काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "मग काल रात्रीपासून पोटात काहीच नाही का?" ती हसली. "उपासाला काय उपाशी राहायचं असतंय व्हय मॅडम? आमच्या घरी तर उपासाच्या दिवशी रोजच्यापेक्षा जास्तच खाणं होतंय. खिचडी, भगर, केळी, रताळ्याचा शिरा. पहाटे चहा तर हायेच." घास माझ्या तोंडातच राहिला. चावायचं सुचेना. समोर ती डब्याचं झाकण लावून राहिली होती, आणि माझ्या डोक्यात एकच शब्द अडकला होता, दातात शेंगदाण्याचं फोलपट अडकावं तसा. उपास. गावात रक्त घ्यायच्या आदल्या दिवशी तू लोकांना काय म्हणून सांगितलं होतंस गं? विचारायला तोंड उघडलं तेवढ्यात गाडी आली, आणि भीमाशंकर ड्रायव्हर नेहमीसारखा उशिराबद्दल कुणालातरी शिव्या देत खाली उतरला.

लातूरला दुपारी निवड समिती होती. पाच वर्षांची शिष्यवृत्ती, जागा एक, आणि साक्षीनं आपलं काम तिथं उभं राहून सांगायचं होतं. तिचे वडील शेषेराव, ती त्यांना अप्पा म्हणते, एरवी पोरीच्या शिक्षणाच्या आड आले नाहीत, पण दिवाळीत त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, या खेपेला जमलं तर जमलं, नाहीतर बस झालं, स्थळं बघायला लागू. साक्षीनं हे मला फ्रीझरमध्ये नळ्या लावता लावता सांगितलं होतं, आवाज अजिबात न चढवता. म्हणजे आज दुपारी काय होतं त्यावर तिचं पुढचं सगळं होतं. गाडीत ती पुढं बसली, मांडीवर लॅपटॉप, ओठ हलत होते. इंग्रजी भाषण पाठ करून राहिली होती. मी मागं बसले, आणि पुलावरून खाली गोदावरीकडं बघताना स्वतःला म्हटलं, थांब, आधी नीट विचार कर, तुला सगळीकडं चुकाच दिसतात, वय झालं तुझं. पण माझं वय झालं म्हणून साबुदाण्यातली साखर काही कमी होत नव्हती. पहाटे वाटीभर खिचडी आणि गोड चहा घेऊन माणूस रक्त द्यायला आला, तर यंत्र काय दाखवणार? साखर चढलेली, इन्सुलिन चढलेलं. यंत्राला कुठं माहीत असतं माणसाचा उपास आहे ते.

काम असं होतं. बहात्तरच्या दुष्काळात जी माणसं आईच्या पोटात होती किंवा नुकती जन्मली होती, त्यांचं शरीर आज पन्नाशीत साखर कशी सांभाळतं ते बघायचं. चाकूरजवळचं एक गाव धरलं होतं, साक्षीच्याच आईवडिलांचं, म्हणजे माणसं दारात उभं करतील. अर्धी माणसं गावातली, जमीनवाली. अर्धी ओढ्यापलीकडच्या भीमनगरातली. माझी अटकळ होती की ज्यांची आई जास्त उपाशी राहिली त्यांना आज साखरेचा त्रास जास्त निघणार. शास्त्रही तेच म्हणतं. निघालं उलटं. गावातल्यांची सकाळची साखर चढलेली, भीमनगरातल्यांची आरशासारखी स्वच्छ. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी पुढच्या टप्प्यावर ढकललेली, तिचं सामानच आलं नव्हतं. साक्षी तो आलेख घेऊन धावत माझ्या खोलीत आली होती. तिची मांडणी तयार होती. पिढ्यानपिढ्या ज्यांनी भूक काढली त्यांच्या शरीरानं काटकसर शिकून घेतली, आणि तीच काटकसर आता त्यांना सांभाळून घेते. मी तिला खोदून खोदून विचारायला हवं होतं. एवढ्या वर्षांत मी दुसरं काय केलं? कुणी आनंदानं काही घेऊन आलं की आधी त्यात भोक शोधायचं. पोरं मला मागं "चाळणी मॅडम" म्हणतात, मला माहीत आहे. पण त्या दिवशी मी त्या आलेखाकडं बघत राहिले आणि मला बरं वाटलं. खरंच सांगते, फार बरं वाटलं. कारण मी बहात्तरचीच. हिमायतनगरकडच्या एका भीमनगरातलीच. माझी आई चांगुणा माझ्या वेळेला सातवा महिना लागला तरी दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सरकारातून मिळणारी सुकडी खाऊन दिवस काढत होती. ती भूक कुठंतरी कामी आली, असं कागदावर लिहून आलं होतं. मी स्वतः सकाळ-संध्याकाळ साखरेच्या गोळ्या खाते, आई तर साखरेनंच पाय गमावून गेली, हे सगळं ठाऊक असून मी आलेखातल्या त्या निळ्या-लाल खांबांवर विश्वास ठेवला.

लोह्याच्या अलीकडं न राहवून मी विचारलंच. शक्य तितक्या सहज. "साक्षी, आदल्या दिवशी गावात फिरायचीस तेव्हा लोकांना काय सांगायचीस?" तिनं मान वळवली. "तेच की मॅडम, उद्या सकाळी उपास धरून या." "उपाशी या, असं नाही?" "उपाशी या, असं कसं म्हणायचं?" तिला खरंच अवघडल्यासारखं झालं. "वडीलधाऱ्या माणसाला त्याच्या दारात उभं राहून उपाशी या म्हणणं बरं दिसतंय का? अभद्र वाटतंय. आमची आई तर दिवेलागणीला तो शब्दच काढू देत न्हाई घरात." मग पुन्हा पुढं बघून म्हणाली, "आणि सकाळी आले की परत विचारायची मी. उपास हाय ना? सगळे हाव म्हणायचे. एकानंबी मोडला न्हाई." तिचे ओठ पुन्हा हलायला लागले. तिला काही कळलेलं नव्हतं. भीमाशंकर तेवढ्यात म्हणाला, "उपासाच्या नावानं लोकं लई शिस्तीत राहतेत, मॅडम." मी हो म्हटलं आणि डोळे मिटून घेतले. रस्ता उखडलेला होता, प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यात कळ येत होती. ह्या गुडघ्यांमुळंच मी गावात गेले नव्हते.

डोळे मिटले की आई दिसते, ही आता सवयच झाली आहे. आमच्या घरात छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर देवाचे उपासतापास कुणी धरले नाहीत. पण तो शब्द राहिला होता. शेजारीण ओट्यावरून विचारायची, जेवलीस का चांगुणा? आई म्हणायची, आज उपास हाय. शेजारीण काही बोलायची नाही, कारण तिच्याही घरी बहुतेक वेळा तोच उपास असायचा. आम्हा पोरांनाही आई तसंच सांगायची, आज उपास बरं का, पाणी प्या आणि पडा. उपाशी हा शब्द मी तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. तिला लाज वाटायची. पुढं रेल्वेतली नोकरी लागून लिंबाजी, म्हणजे माझे वडील, आम्हाला नांदेडला घेऊन आले, घरात भाकरीची ददात राहिली नाही, तरी कधी स्वयंपाकाला उशीर झाला की आई हसून म्हणायची, घडतोय वाटतं आज उपास. त्यामुळं साक्षीनं कधी माझ्यापुढं उपास म्हटलं असेल, दहादा म्हटलं असेल, तरी माझ्या कानांनी रिकामं पोटच ऐकलं. तिच्या कानांनी साबुदाणा. साक्षी अशुभ वाटतं म्हणून उपाशी म्हणत नव्हती, आणि आई लाजेनं म्हणत नव्हती, आणि दोघींनी तोच एक शब्द पुढं केला होता. मग मला साक्षीनंच सांगितलेली एक गंमत आठवली. भीमनगरातल्या एका बाईनं तिला म्हटलं होतं, आमच्यात उपास नसतो बाई, पण तू म्हणतीस तर उपाशी राहून येतो. साक्षी हे सांगताना हसली होती. मीसुद्धा हसले होते, चहा पिता पिता.

आता हे तिला सांगायचं की नाही? अहमदपूर आलं, गेलं. किती सोपं होतं. पुढं वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवायचा, साक्षी, लॅपटॉप मिट. आणि मग? तिच्या हातात काहीच राहत नव्हतं. दोन वर्षं पहाटे उठून, बर्फाची पेटी मांडीवर धरून तिनं ते रक्त नांदेडला आणलं होतं. वीज गेली की रात्र रात्र फ्रीझरपाशी बसली होती. मी इतकी पोरं तयार केली. काहींनी औषध कंपन्या धरल्या, काही परदेशात आहेत आणि गुरुपौर्णिमेला संदेश पाठवतात, एक शिवशंकर म्हणून फार हुशार मुलगा होता, तो आता प्लॉटिंग करतो. मला कंटाळा आलाय. पोरांना नळी धरायला शिकवता येतं, आकडे मांडायला शिकवता येतं, पण सगळे बरं चाललंय म्हणत असताना मधेच हात वर करायला कसं शिकवायचं, ते मला अजून समजलेलं नाही. आणि मी स्वतः तरी कुठं हात वर करत होते? दुपार होऊन जाऊ दे, असं मन म्हणत होतं. शिष्यवृत्ती मिळू दे, मग सावकाश सुधारू. लोक असंच करतात. मी आजवर कुणाला करू दिलं नव्हतं, पण आज माझ्या अंगात त्राण नव्हतं आणि ती पोरगी मला आवडत होती.

चाकूरला तिच्या आईनं थांबायला लावलं. लक्ष्मीबाई फाट्यावरच येऊन उभ्या होत्या, पोरीला दहीसाखर द्यायची म्हणून, आणि दही देऊन सोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, नात्यातल्या पाहुण्यांच्या दुकानात नेऊन बसवलंच. माझ्यासाठी चहा आला. कप कुठला देतात ते बघायची माझी सवय या वयातही गेलेली नाही. सगळ्यांचे कप सारखेच होते. लक्ष्मीबाई माझ्या जवळ सरकल्या. "मॅडम, मला साखर निघाली म्हणं. साक्षी बोलली. तवापासून बिनसाखरेचा चहा पिऊन राहिले मी, तोंडाची चवच गेली." मी विचारायला नको होतं, पण इतक्या वर्षांची खोड. "लक्ष्मीबाई, रक्त दिलं त्या दिवशी सकाळी काय खाल्लं होतं?" "काय खाणार? उपास होता की. पोरीनंच सांगितलं होतं." त्या अभिमानानं म्हणाल्या. "मी तर आदल्या दिवशीच गल्लीतल्या समद्या बायांना बजावलं, पोरीचं काम हाय, मोडायचा न्हाई. पहाटे उठून पातेलंभर खिचडी केली, भगर केली, म्हणलं रक्त द्यायचंय, अंगात ताकद पाहिजे. समद्यांना पोटभर खाऊ घातलं, केळी दिली. मगच धाडलं."

साक्षी तेव्हा दह्याची वाटी तोंडाला लावणार होती. तिनं ती लावली नाही. मी बघत होते. आधी तिच्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही, मग कपाळ आक्रसलं, मग ती माझ्याकडं बघायला वळली आणि मी कपात बघितलं. "खा की गं," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "नको." "शकुनाचं हाय." "आई, नको म्हणलं ना." वाटी फळीवर ठेवून ती गाडीत जाऊन बसली. लक्ष्मीबाई मला म्हणाल्या, लई घाबरलंय लेकरू, आणि वाटीवर पदर झाकला.

चाकूरहून आम्ही लातूरकडं निघालो. लॅपटॉप तिच्या मांडीवर मिटलेला होता. मला मागून फक्त तिची वेणी दिसत होती आणि कानामागं घामाची एक रेघ. मला वाटलं, बोलेल. मग वाटलं, न बोलली तर बरं, नाहीतर मला उत्तर द्यावं लागेल. मग माझीच मला शिसारी आली. आई, तुझी भूक कामी आली नाही गं, मी मनात म्हटलं. ती नुसती भूक होती. डोळ्यांत पाणी आलं, ते भीमाशंकरनं आरशातून बघितलं आणि खिडकीची काच वर केली, धुरळ्यानं आलं असं समजून.

समितीची खोली एका महाविद्यालयात होती, पंखे गरागरा फिरत होते आणि कागद उडत होते. अध्यक्ष डॉ. गुरुबसप्पा, माझ्याहून ज्येष्ठ, मोजकं बोलणारे. मी मागच्या रांगेत बसले. साक्षीनं लॅपटॉप जोडला. भिंतीवर ते निळे-लाल खांब उभे राहिले, आणि एक सदस्य पुढं सरकून म्हणाले, वा, इंटरेस्टिंग. साक्षी खांबांकडं बघत उभी राहिली. इतका वेळ, की गुरुबसप्पांनी चष्मा काढला. मग पाठ केलेलं इंग्रजी सोडून ती आपल्या भाषेत बोलायला लागली. "सर, हे चुकीचं हाय." खोलीत कुणाला नीट ऐकू गेलं नाही बहुतेक. ती मोठ्यानं म्हणाली, "हे सगळं चुकलंय सर. मी लोकांना उपास धरून या म्हणून सांगितलं. गावातले लोक खिचडी खाऊन आले. भीमनगरातल्यांच्यात उपास नसतो, ते खरंच उपाशी आले. हा फरक भुकेचा न्हाई. माझ्या शब्दाचा हाय." ते सदस्य हसले, वाईट मनानं नाही, त्यांना खरंच हसू आलं असावं. गुरुबसप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "हे तुमच्या मार्गदर्शकांच्या लक्षात आलं नाही?" मी उठायला लागले, गुडघा अडकला, आणि मी उभी राहायच्या आत साक्षी म्हणाली, "गावात मी गेले होते, सर." "मग आज आम्हाला दाखवण्यासारखं तुमच्याकडं काय आहे?" "काहीच न्हाई, सर." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. निकाल कळवू, म्हणाले. असं म्हणतात तेव्हा काय असतं ते मला माहीत आहे, आणि तिलाही समजलं.

परत येताना ती माझ्याशेजारी मागं बसली. ऊन उतरलं होतं. बरंच अंतर गेल्यावर म्हणाली, "तुम्हाला सकाळीच कळलं होतं ना? खिचडी खाताना." "हो." "मग बोलला का न्हाईत?" मी गुडघा चोळायला लागले. "मी बोलले नसते तर?" "तर उद्या मी पत्र पाठवलं असतं." "खरंच?" खोटं बोलायचीही ताकद लागते. "माहीत नाही, साक्षी." तिनं मान हलवली. राग आला असता तर बरं झालं असतं. तिनं फोन काढला आणि घरी लावला. "आई, न्हाई, न्हाई झालं. ते सांगते नंतर. आधी ऐक. तुझी साखर खोटी हाय बहुतेक, पण परत बघू. गल्लीतल्या समद्यांना सांग, परत रक्त घ्यायचंय. न्हाई, उपास न्हाई. उपाशी यायचं." पलीकडून लक्ष्मीबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला, दिवेलागणीच्या वक्ताला काय अभद्र बोलतीस गं भवाने. "हाव, बोलते. उपाशी. खिचडी न्हाई, भगर न्हाई, चहा न्हाई. उपाशी. अन् अप्पांना म्हणावं, स्थळं बघा खुशाल, पण एवढं झाल्याबिगर मी कुठं येत न्हाई." तिनं फोन ठेवला. मी तिचा एक हात माझ्या हातात घेतला. गार पडला होता. तेव्हा मला कळलं, सकाळी मला दोन घास देऊन तिनं डबा मिटला, दही तिनं ठेवून दिलं, समितीच्या चहालाही ती शिवली नव्हती.

अहमदपूरच्या पुढं मी गाडी थांबवायला लावली. रस्त्याकडेचं साधं हॉटेल. मालकानं टेबल पुसता पुसता साक्षीच्या हातातला लाल धागा बघितला, चतुर्थी त्याला माहीतच होती. "ताई, उपासाचं हाय सगळं. खिचडी हाय, साबुदाणा वडा हाय, गरम काढून देतो." भीमाशंकरनं पलीकडच्या बाकावरून सांगितलं, "चंद्र निघाला न्हाई अजून." साक्षीनं मालकाकडं बघितलं, मग माझ्याकडं. असे डोळे मी पूर्वी फक्त माझ्या आईचे बघितले होते, पण साक्षी आता जो शब्द बोलली तो आईनं जन्मात कधी उच्चारला नव्हता.

"उपास न्हाई माझा," ती म्हणाली. "उपाशी हाय मी."

मालक जरा गडबडला. मग आत वळून त्यानं भाकरी टाकायला सांगितली.